नुसते ओठ

तो आवाज ऐकून लेझर मनापासून हसला. ध्वनिखोलीतल्या कर्ण्यातून कोणीतरी बोलत होतं, आणि जो कोणी होता तो सकाळी सकाळीच गळ्यापर्यंत झोकून आला होता, याबद्दल लेझरला तिळमात्र शंका नव्हती. जीभ जड, शब्द एकमेकांच्या अंगावर रेललेले, 'स' म्हणायला जावं आणि भलतंच काहीतरी ओलसर बाहेर पडावं. "आज उतरू नकोस, पोरा," तो आवाज म्हणत होता, "एक दिवस घरी राहिलास तर जग बुडत नाही." म्हणजे सिनेमातलं लेझरचंच वाक्य. गेला आठवडाभर दाढी करताना, गाडीत, अंथरुणात पडल्या पडल्या त्याने घोकलेलं. या भूमिकेसाठी आणखी दोघातिघा जुन्या मुष्टियोद्ध्यांना बोलावणं गेलं होतं हे त्याला ठाऊक होतं. "कोण हा बेवडा?" त्याने विचारलं. "माझ्या आधी याला घेऊन बघितलंत वाटतं, साहेब? अहो, निदान शुद्धीत तरी आणायचा!" असं काही बोलल्यावर माणूस बघतो तसं त्याने सगळ्यांकडे बघितलं. कोणी हसलं नाही. ध्वनी सांभाळणाऱ्या पेनफोल्डने समोरचं एक बटण उगाच फिरवलं आणि परत होतं तिथे आणून ठेवलं. रंग लावणारी बाई पावडरच्या डबीत बघत राहिली. कर्ण्यात एक स्टूल सरकल्याचा आवाज झाला, आणि तोच दारुडा अदबीने म्हणाला, "बरं झालं का साहेब? परत म्हणू?" तेव्हा लेझरला आठवलं की मघाशी मायक्रोफोनखालून निघताना आपला पाय स्टुलाला लागला होता. आणि हेही आपणच विचारलं होतं.

"हां," तो म्हणाला. "मजा केली हो."

"पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज कोणालाच ओळखू येत नाही, मिस्टर ग्रेंजर," पेनफोल्ड घाईघाईने म्हणाला. "परवा आमच्या नायिकाबाई तर रडायलाच लागल्या." तो चांगला माणूस होता. त्याने मेणाच्या तबकडीवरची सुई उचलली, तिच्यावरचा भुसा ब्रशने झटकला, आणि ते काम त्याने पाहिजे त्याहून जास्त वेळ केलं. ग्रेंजर हे लेझरचं रिंगणातलं नाव. लेझर ग्रिन्स्की जाहिरातीवर मावत नाही, असं त्याच्या पहिल्या मॅनेजरचं म्हणणं होतं.

बाहेर बोळात कोणी नव्हतं. भिंतींना जाड घोंगड्या लावलेल्या, पायाखालीही तेच. बोलपट सुरू झाल्यापासून त्या सगळ्या इमारतीला जणू कांजिण्या झाल्या होत्या आणि तिला गुंडाळून ठेवली होती. लेझर घोंगडीच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळूच म्हणाला, "आज उतरू नकोस, पोरा." स्वच्छ. प्रत्येक अक्षर सुटं. त्याने परत म्हटलं. परत तसंच स्वच्छ. आतून ऐकलं तर कुठे काही बिघडलेलं नव्हतंच, आणि माणूस स्वतःला आतूनच ऐकतो. दुसरीकडून ऐकायची सोय आत्ताआत्तापर्यंत कोणाकडे होती? त्याला एकदम घाम फुटला. नाक चपटं झालंय हे आरशात दिसत होतं. उजव्या भुवईचे केस गेलेत ते दिसत होतं. कान तर बाजारात भाजीवाल्या बाया चेष्टा करतील असे. हे सगळं त्याने हिशोबात धरलेलं होतं, मिरवलंही होतं. या नाकावरच तर हार्टनेल दिग्दर्शक खूश झाला होता. पण जिभेला आरसा नसतो. कधीपासून? कोणकोणाला ठाऊक आहे? आणि हा दुसरा प्रश्न मनात उमटता उमटताच त्याला कळून चुकलं की सगळ्यांना. त्याच्या स्टेपनी मोहल्ल्यातल्या यच्चयावत माणसांना. खाटीक श्मूल त्याचं अर्धं वाक्य ऐकूनच "कळलं, कळलं, मानेचं देतो" म्हणायचा, आणि लेझरला वाटायचं, काय आपुलकीचा माणूस! बार्नी फेल्ड, इतका तोंडाळ मॅनेजर, पण लेझर बोलायला लागला की मान डोलवत राहायचा, "अगदी, अगदी, लेझर," आणि लेझरला वाटायचं, जुन्या माणसाचा मान ठेवतो. दुकानात, दवाखान्यात फ्रूमा पुढे होऊन म्हणायची, "त्यांना म्हणायचंय की," आणि त्याला वाटायचं, बायकोला बोलायची हौस! अरे देवा. एवढे दिवस सगळा मोहल्ला आपल्याशी आजारी माणसाशी बोलावं तसा बोलतोय, आणि आपण छाती काढून फिरतोय.

कोणत्या ठोशाने झालं असेल, याचा तो विचार करू लागला, आणि त्याला हसू आलं, कारण मोठे ठोसे काही आठवेनात. लिव्हरपूलच्या त्या आयरिश माणसाने त्याला दोरांवर टांगला होता. ती लढत लोकांना आठवते, त्याला आठवते ती फक्त दुसऱ्या दिवशी खाल्लेली माशाची तळलेली तुकडी, कारण तिला चव नव्हती. आठवत होते ते तालमीतले चिल्लर ठोसे. दुपारच्या वेळी, जेवण जिरवायला म्हणून, दोस्तांशी चेष्टामस्करी करताना डोक्यावर खाल्लेले. त्यांचा हिशोब कोण ठेवतो? पलीकडच्या खोलीतून थाड थाड आवाज यायला लागला. तिथे एक माणूस ओल्या चामड्याच्या उशीला काठीने बडवत होता. खऱ्या ठोशाचा आवाज मायक्रोफोनला पसंत पडत नव्हता, म्हणून नायकाच्या ठोशांसाठी हा बनवलेला आवाज चिकटवायचा होता. पहिल्या दिवशी लेझरने त्याची टर उडवली होती. "ठोशाचा आवाज असा येतच नाही रे बाबा. मारणाऱ्याला येत नाही, बघणाऱ्याला येत नाही. ज्याला बसतो त्याला येतो, आणि तोही आतून." सगळे हसले होते. आता वाटलं, ते काय बोलणं कळून हसले होते की सुटका करून घ्यायला?

मूकपट असताना हे काही झालं नसतं. एकदा त्याच्या लढतीची फीत व्हाइटचॅपेलच्या थिएटरात लागली होती आणि सगळी गल्ली बघायला लोटली होती. त्याचा पोरगा मॅनी तेव्हा फ्रूमाच्या मांडीवर होता. पडद्यावरचा लेझर काय देखणा हलत होता! पियानोवाली बाई प्रत्येक ठोशाला खालच्या पट्टीत दणका द्यायची, आणि मॅनी प्रत्येक दणक्याला टाळ्या वाजवायचा. सिनेमा मुका होता तोवर लेझरचा होता. तोंडातून अवाक्षर न काढता माणूस तिथे राजा होता. त्या टाळ्या वाजवणाऱ्या पोराला आता मिसरूड फुटली होती, तो फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारत होता, आणि परवा रविवारी दुपारी त्याची एका वेल्श खाणकामगाराशी लढत होती. हे आठवलं मात्र, आणि लेझर बोळातच भिंतीला टेकून खाली बसला. कारण ती लढत घ्यावी की नाही यावर आता मॅनीच्या लढती ठरवणारा बार्नी फेल्डच कां कूं करत होता. "पोर कवळं आहे लेझर, तो वेल्श माणूस हाताने नाही, घणाने मारतो." आणि टेबलावर मूठ आपटून "घे म्हणतो ना मी! माझं रक्त आहे!" असं म्हणणारा लेझर होता. बार्नी म्हणाला होता, अगदी, अगदी.

हार्टनेलने तोड काढली ती मोठ्या नाजूकपणे काढली. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने लेझरच्या खांद्यावर हात ठेवला. चेहरा तुझाच हवा, तो म्हणाला, असा चेहरा सबंध इंग्लंडात मिळणार नाही. पण यंत्र फार चिकित्सक, काही आवाज त्याला पचत नाहीत, चांगल्या चांगल्यांचं हेच झालंय. तेव्हा आपण असं करू, तू ओठ हलव, आणि कॅनव्हासच्या पडद्यामागे ऑब्री उभा राहून बोलेल. ऑब्री हा विशीतला, नाटकाच्या शाळेत शिकलेला, लोणी लावलेल्या गळ्याचा पोरगा. तो येऊन फारच आदराने उभा राहिला.

"ओठ जरा सावकाश हलवाल का, मिस्टर ग्रेंजर? म्हणजे मला तुमच्याबरोबर चालता येईल."

"सावकाशच हलतात ते," लेझर म्हणाला. आता त्याला स्वतःचा प्रत्येक शब्द बाहेर पडल्यावर कुठे जाऊन आपटतो ते बघावंसं वाटत होतं. "बघ तू, जमेल."

"एक विचारू? हे वाक्य म्हणताना तुम्ही कोणाला डोळ्यांसमोर आणता? मला जरा तसा सूर लावता येईल."

"कोणाला नाही रे. सिनेमातलं वाक्य आहे."

कॅमेऱ्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून काचेच्या पेटीत कॅमेरावाला कोंडून घेऊन बसला, तांबडा दिवा लागला, सगळ्यांनी श्वास धरले. कपडे बदलायच्या खोलीचा देखावा होता. बाकावर नायक हाताला पट्ट्या गुंडाळत बसलेला. गोदीतला गरीब पोरगा, आईच्या औषधासाठी लढायला निघालेला. तोंडाला खोटा घाम, केस नीट बसवलेले. लेझर त्याच्यासमोर उभा राहिला आणि नायकाने मान वर केली, तर तो मॅनी होता. दिव्यांचा त्रास झाला असेल, काही असेल. मॅनीच होता, आणि त्याला अजून कोणी नीट मारलेलं नव्हतं. लेझरने ओठ हलवले. आणि त्याच्या तोंडाशी, त्याच्या स्वतःच्या दातांपाशी, एक भरदार, मऊ, शहाणा आवाज उमटला. आज उतरू नकोस, पोरा. एक दिवस घरी राहिलास तर जग बुडत नाही. असा आवाज आपल्याला असता तर, लेझरला वाटलं, या आवाजाचं कोणीही ऐकेल, पोर तर काय, तो वेल्श माणूससुद्धा ऐकेल आणि घरी जाईल. रंगवाली बाई डोळे पुसत होती. "झकास!" हार्टनेल ओरडला. लेझरच्या मनात खरोखर येऊन गेलं की ऑब्रीला आज जेवायलाच न्यावं, शुक्रवार आहे, सूप आहे, पोराला म्हणावं जेव पोटभर, आणि जाता जाता माझ्या मॅनीशी दोन शब्द बोलून जा.

गाडीत खिडकीला डोकं टेकवून तो एकच गोष्ट उगाळत होता. सांगायला हवं, आणि सांगायचं कशाने? हत्यार म्हणाल तर ही जीभ. लढू नकोस म्हणावं तर पोरगा विचारणार, का? आणि का याचं उत्तर म्हणजे हा आवाज. तो ऐकवायचा, की ऐकू नये म्हणून गप्प बसायचं? शरम वाटत होती. उघडीनागडी शरम. रिंगणात चड्डी फाटली होती एकदा, तेव्हाही एवढी वाटली नव्हती. मागच्या आठवड्यात मॅनी मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसला होता, आणि वर न बघता म्हणाला होता, "पपा, तुम्हाला कधी भीती वाटायची?" लेझरने त्याच्या पाठीत थाप मारली होती. "तुझ्या आईची!" दोघं हसले होते. मॅनी जरा आधी हसायचा थांबला होता. हे आता आठवत होतं, तेव्हा दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं तरी कसं म्हणावं, डोळे तर शाबूत आहेत.

घरी पोचला तेव्हा गल्लीत उजेड होता. शुक्रवारी सूर्य मावळताच शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो, म्हणून फ्रूमाने मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या, वेणीसारखा गुंफलेला पाव फडक्याखाली झाकलेला, माशाचा वास जिन्यापर्यंत. "आलास? हात धू. काय म्हणतो तुझा सिनेमा?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "दमलायस. बस." हेही रोजचंच. विचारायचं, पण उत्तराला जागा ठेवायची नाही. लेझरने तिच्याकडे नीट बघितलं. तिच्यात वाईटपणा कुठेच नव्हता. बाई बिचारी किती दिवस हे असं झाकत फिरतेय, आपल्यासमोर सुद्धा, असं त्याच्या मनात आलं. सेली, धाकटी, ताटल्या मांडत होती. मॅनी केसांतला लाकडाचा भुसा धुऊन, स्वच्छ शर्ट घालून बसला होता. दाराच्या मागे त्याचे लढतीचे बूट नाड्यांनी टांगलेले होते, फ्रूमाने तेल लावून ठेवलेले. सगळे उभे राहिले. फ्रूमाने द्राक्षारसाचा पेला भरला आणि मॅनीपुढे सरकवला.

गेल्या वर्षीपासून किद्दुश मॅनी म्हणत असे. शब्बाथच्या पेल्यावरची ही प्रार्थना घरच्या कर्त्याने म्हणायची, लेझरच्या बापाने म्हटली, आज्याने म्हटली. पण एका शुक्रवारी फ्रूमाच म्हणाली होती, "आता पोराला म्हणू दे. उद्या लग्न होईल, तोंडात बसायला नको?" आणि लेझरला तेव्हा कोण अभिमान वाटला होता! पोरगा कर्ता झाला! मॅनीचा आवाज छान होता, खणखणीत. तो आत्ताही म्हणू लागला, सहावा दिवस, आकाश आणि पृथ्वी पुरी झाली, आणि लेझर नेहमीप्रमाणे त्याच्याबरोबर मनातल्या मनात म्हणू लागला, आणि एकाएकी त्याला जाणवलं की आपले ओठ हलताहेत. नुसते ओठ. आवाज पोराचा. टेबलाच्या टोकाला बसायची जागा आपली, चेहरा आपला, आणि बोलतंय दुसरंच कोणी. हार्टनेलने आज दुपारी जी युक्ती काढली, ती या घरात फ्रूमाने केव्हाच काढली होती. त्या पहिल्या शुक्रवारी त्याचा हात पेल्याकडे जायच्या आत तिने तो पोराकडे ढकलला होता, हेही त्याला आत्ता, इतक्या उशिरा, लख्ख दिसलं.

"थांब," तो म्हणाला.

किद्दुश कोणी मध्येच थांबवत नाही. मॅनी गडबडून थांबला. लेझरने हात लांब करून त्याच्या हातातून पेला घेतला. "लेझर," फ्रूमा म्हणाली, "दमलायस तू, पोराला..." "मी म्हणतो," लेझर म्हणाला, आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. आज त्याने आतून ऐकलं नाही. सकाळच्या कर्ण्याशी कान लावला होता तसा बाहेरून कान लावला, आणि ऐकलं: त्याच्या बापाचे ते सुंदर शब्द एकमेकांवर कोसळत होते, अडखळत होते, काही तर ओळखूही येत नव्हते. सेलीने खाली बघितलं. फ्रूमाने फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. एवढं सगळं दिसत असून त्याने एकही शब्द गाळला नाही, घाई केली नाही, शेवटापर्यंत म्हटलं. तिघांनी आमेन म्हटलं. लेझर एक घोट प्याला आणि पेला खाली ठेवला.

"मॅनी," तो म्हणाला. "परवा उतरू नकोस, पोरा. एक दिवस घरी राहिलास तर जग बुडत नाही."

मॅनीने त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे, मग परत त्याच्याकडे. त्याच्या तोंडावर कसनुसं हसू आलं. "हे तुमचं सिनेमातलं वाक्य ना, पपा? घोकत होतात ते?"

"सिनेमात दुसरा कोणी म्हणतो. मी इथे म्हणतोय."

"दुसरा म्हणजे?"

"म्हणजे माझा आवाज त्यांना चालला नाही. आज सकाळी त्यांनी मला तो ऐकवला." लेझरला वाटलं होतं हे सांगताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. "मी विचारलं, कोण हा बेवडा. मीच होतो."

फ्रूमा मटकन खाली बसली. "त्या मेल्या यंत्राला काय कळतंय," ती म्हणाली.

"यंत्राला कळतं, फ्रूमा. तुलाही कळतं. बस झालं आता."

"पण तुम्हीच तर म्हणालात लढत घे म्हणून!" मॅनीचा आवाज चढला. कान लाल झाले होते. "बार्नीकाका नको म्हणत होते, तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत. माझं रक्त म्हणालात. आता कारखान्यातले सगळे येणार आहेत, मी काय तोंड दाखवू त्यांना? घाबरला म्हणतील!"

"म्हणू देत. आहेस का घाबरलेला?"

मॅनी हाताची बोटं बघत बसला. ती अजून सरळ होती.

"तेव्हा मूठ आपटली ती मी," लेझर म्हणाला. आता तो जोरात बोलत होता, आणि जोरात बोललं की शब्द आणखीच लोळण घेत होते, लाळ उडत होती, आणि तो थांबत नव्हता. "तेव्हा मला ऐकू येत नव्हतं. आता येतंय. तो वेल्श माणूस तुला पाडील नाहीतर तू त्याला पाडशील, त्याचं मला काही नाही. पण पुढे कधीतरी तुझंही पोर तुझ्या हातातून पेला काढून घेईल, आणि तू त्याचं कौतुक करत बसशील. माझ्यासारखा. कळत सुद्धा नाही रे, मॅनी. दुखत नाही. काही म्हणजे काही कळत नाही."

सूप निवत चाललं होतं. कोणी वाढत नव्हतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी शब्बाथचं गाणं धरलं होतं, आणि त्याला टेबल बडवून साथ चालली होती. मग मॅनी म्हणाला, "पपा, परत सांगा. शेवटचं मला नीट समजलं नाही."

फ्रूमाने झटकन मान वर केली. "त्यांना म्हणायचंय की..."

"तू नको, आई. त्यांना सांगू दे."

लेझर त्याच्याकडे बघत राहिला. श्मूल खाटकापासून बार्नी फेल्डपर्यंत, इतक्या दिवसांत एकाही माणसाने त्याला परत सांगा म्हटलं नव्हतं. सगळ्यांना सगळं समजत होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसले नाहीत. "म्हटलं, दुखत नाही," तो सावकाश म्हणाला, एकेक अक्षर जिभेखालून ओढून काढत. "कळत नाही. म्हणून. उतरू नकोस."

"समजलं," मॅनी म्हणाला. त्याने फडकं बाजूला करून पाव बापापुढे ठेवला, आणि मग, जरा खालच्या आवाजात, कारण शेवटी पोरच ते, विचारलं, "बार्नीकाकांना कोण सांगणार पण?"

"मी सांगेन," लेझर म्हणाला. "परवा लढतीच्या हॉलवर जाऊन, सगळ्यांसमोर. मीच बोलणार आहे."